फुलीच्या जागी सही

कील हे शहर बघायला कोणी येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. दहा-दहा मजल्यांची प्रवासी जहाजं सकाळी धक्क्याला लागतात, त्यांतून तीन हजार माणसं उतरतात आणि तोंडातला घास संपायच्या आत बसमध्ये चढून हाम्बुर्गला नाहीतर ल्युबेकला निघून जातात. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, ज्यांनी बसचं तिकीट वेळेत काढलं नाही किंवा ज्यांचं नाश्त्यालाच बायकोशी वाजलंय, एवढीच मंडळी मागे उरतात. त्यांना दोन तास पायी शहर दाखवायचं काम आमच्या नंदिनीवहिनी करतात.

मी आत्माराम. वय छप्पन्न. जहाजांची इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात टेस्ट बेंचवर असतो. दिवसभर इंजिन कानाशी ओरडत असल्यामुळे माणसांचं ओरडणं मला सहन होत नाही, आणि कानाला यंत्र लावूनही हळू बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून लोक मला तिरसट म्हणतात. म्हणोत बापडे. शिरीष ठोसर त्याच कारखान्यात डिझाइनला. नंदिनीवहिनी त्याची बायको. मला त्या 'भावोजी' म्हणतात आणि दर रविवारी दुपारी जेवायला बोलावतात, तेवढ्या हक्काने त्या 'आमच्या'.

वहिनी उरणच्या. उरणच्या माणसाला राजधानी कायम पाण्यापलीकडे दिसते. मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँच पकडायची, भाऊच्या धक्क्याला उतरायचं, काम उरकायचं आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं. त्या तिथल्या शाळेत भूगोल शिकवायच्या. सत्त्याण्णवला लग्न झालं आणि दोन हजार साली शिरीषमागोमाग कार्ल्सरूहेला आल्या. तिथे जर्मन शिकून जरा तोंड उघडायला लागल्या, तोवर शिरीषने ड्युसेलडॉर्फला नोकरी धरली. ड्युसेलडॉर्फला एका बालवाडीत मदतनीस म्हणून लागल्या. कायम व्हायला दोन महिने राहिले होते, तर शिरीषला कीलहून बोलावणं आलं. दर वेळी चाळीस खोकी बांधायची आणि चाळीस खोकी सोडायची. कार्ल्सरूहेत घेतलेला एक चहाचा सेट त्यांनी कीलला येईपर्यंत वापरलाच नव्हता, कारण तो खोक्यातून बाहेर काढायला वेळच मिळाला नव्हता.

ठोसरांच्या घरात एक पद्धत होती. कागदपत्रं शिरीष बघायचा. घराचा करार असो, विमा असो, मुलाच्या शाळेचा फॉर्म असो, तो वाचायचा, भरायचा, स्वतः सही करायचा आणि वहिनींनी सही करायची त्या जागी शिसपेन्सिलीने बारीकशी फुली मारून ठेवायचा. वहिनी पोळ्या लाटता लाटता हात पुसून यायच्या, फुलीच्या जागी सही करायच्या आणि मग खोडरबराने फुली पुसायच्या, कागद स्वच्छ दिसावा म्हणून. अठरा वर्षांत त्यांनी एकही कागद वाचला नाही. शिरीष काही वाईट माणूस नाही, उलट बायकोला त्रास नको म्हणून हे सगळं करायचा. पण कितीतरी गोष्टी आपण त्रास नको म्हणूनच दुसऱ्याच्या हातून काढून घेतो.

कीलला आल्यावर चार वर्षं वहिनी घरीच होत्या. मग शहराच्या पर्यटन कचेरीने गाइड तयार करायचा नऊ महिन्यांचा वर्ग काढला, त्यात त्यांनी नाव घातलं. तोंडी परीक्षेत समोर तिघं बसले होते. त्यातल्या एकाने विचारलं, "तुम्ही इथल्या नाही. मग हेच शहर का दाखवायचंय तुम्हाला?" वहिनी म्हणाल्या, "कारण इथे दिसण्यासारखं काही उरलेलं नाही. समजावून सांगावं लागतं. आणि मला समजावून सांगायची सवय आहे." त्या पास झाल्या. तेव्हापासून मे ते ऑक्टोबर, आठवड्यातून चार दिवस, कधी जर्मनमध्ये, कधी इंग्रजीत, त्या तेच दोन तास सांगत आल्या आहेत. हिवाळ्यात फेरीबोटीच्या तिकीट खिडकीवर बसतात.

आता दोन हजार अठराच्या सप्टेंबरची गोष्ट. ठोसरांच्या मुलाची, कबीरची, शाळा संपली होती आणि त्याला कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात जागा मिळाली होती. त्याच सुमाराला शिरीषला वाल्डॉर्फजवळच्या एका पंपांच्या कंपनीने मोठ्या जागेवर घेतलं. मुलाच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर, कीलपासून मात्र सहा-सात तासांवर. शिरीषने होकार कळवला आणि राहत्या घराची क्युंडिगुंग, म्हणजे घर सोडत असल्याची नोटीस लिहून, सही करून, रजिस्टर पोस्टाने घरमालकीणबाईंना धाडली. मालकीणबाई, फ्राऊ लोरेन्झन, दोन मजले खाली राहतात. पण एकोणऐंशी वर्षांच्या त्या बाईंशी कामाचं बोलायचं ते पोस्टानेच, हा त्यांचाच नियम आहे.

उत्तरही पोस्टाने आलं, आणि ते सापडलं वहिनींना. दुपारी बाजारातून येताना, एका हातात पिशवी धरून त्यांनी जिन्याखालची टपालपेटी उघडली. पाकिटावर दोघांचं नाव होतं. आत शिरीषची नोटीस आणि सोबत फ्राऊ लोरेन्झनची चार ओळींची चिठ्ठी: भाडेकरारावर दोघांची नावं आहेत, त्यामुळे सह्याही दोघांच्या लागतात. फ्राऊ ठोसर यांची सही नसल्याने ही नोटीस लागू होत नाही. आपण जाणार याचं वाईट वाटतं, फ्राऊ ठोसर काही बोलल्या नव्हत्या.

फ्राऊ ठोसरांना माहीतच नव्हतं, तर त्या काय बोलणार?

पुढचं मला कबीरने सांगितलं, जर्मनमध्ये. त्या पोराला मराठी सगळी कळते, पण बोलायची वेळ आली की जर्मन. संध्याकाळी शिरीष घरी आला तेव्हा आईने कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. "तुझं पत्र परत आलंय," ती म्हणाली. शिरीषने वाचलं, हसला, खिशातून पेन्सिल काढली आणि आपल्या सहीशेजारी फुली मारली. "अरे हो, विसरलोच. इथे कर." आईने त्याला वाढलं, स्वतः जेवली, भांडी आवरली आणि तो कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून ठेवला. फुलीची जागा तशीच रिकामी.

अकरा दिवस झाले तरी तो कागद तिथेच होता.

अकराव्या दिवशी शिरीष कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला. ताटातल्या बटाट्यांना हात लावला नव्हता.

"आत्मा, ती सही करत नाहीये."

"का?"

"काही बोलतच नाही. विचारलं की म्हणते, बघते. अरे, लॉजिकली बघ ना. कबीर कार्ल्सरूहेला. मी वाल्डॉर्फला. जस्ट वन अवर. एक जानेवारीला जॉइन व्हायचंय, नोटीस तीन महिन्यांची, त्यात एक महिना आधीच वाया गेला. आल्झो, म्हणजे इथे हिचं आहे काय? सीझनल जॉब, आणि अर्धं वर्ष पाऊस."

"वहिनींना विचारलं होतंस?"

"इंटरव्ह्यूला जातोय हे सांगितलं होतं."

"आणि होकार दिल्यावर?"

"क्युंडिगुंग गेली की सांगणार होतो. एकदम. सरप्राइज."

"घर सोडायची नोटीस हे सरप्राइज, शिरीष?"

त्याने ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाला, "तू बोल तिच्याशी. तुझं ऐकते ती." हे सपशेल खोटं होतं, माझं कोणीच ऐकत नाही. पण त्याचा चेहरा बघून मी हो म्हटलं. शिवाय मलाही वाटत होतं की नवरा-बायकोने एका गावात राहावं. मला तसं का वाटत होतं, ते पुढे सांगतो.

घरी बोलणं शक्य नव्हतं, म्हणून शनिवारी मी सरळ त्यांच्या फेरीचं तिकीट काढलं. दहा वर्षं या शहरात राहून मी ती फेरी कधी केली नव्हती. वारा असा होता की छत्री उघडायची सोय नव्हती, आणि पाऊस वरून न येता बाजूने येत होता. ओस्टसीकाईच्या धक्क्यावर चौदा माणसं गोळा झाली होती, बहुतेक इंग्लंडची आणि सगळी म्हातारी. वहिनी निळा रेनकोट घालून, काखेत एक जाडजूड फाइल धरून उभ्या होत्या. मला पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. पंधरावा म्हणून मोजलं.

मी त्यांना घरात हळू आवाजात बोलणाऱ्या बाई म्हणून ओळखत होतो. धक्क्यावर मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

सुरुवात बर्फापासून झाली. हजारो वर्षांपूर्वी उत्तरेकडून बर्फाची एक जीभ खाली सरकत आली आणि जमीन खरवडत गेली. बर्फ वितळल्यावर त्या चरात समुद्र शिरला. सतरा किलोमीटर लांब खाडी, खोल, आणि दोन्ही बाजूंनी आडोसा असलेली. खाडीच्या पार टोकाला जमिनीचा एक छोटा तुकडा, तीन बाजूंना पाणी. वहिनींनी डाव्या हाताची मूठ वळली, तिच्याभोवती उजव्या हाताने पाणी फिरवून दाखवलं आणि म्हणाल्या, "एवढंच होतं. तेराव्या शतकात होल्स्टाइनच्या काउंट आडोल्फने ही जागा पाहिली आणि इथे गाव वसवायला सांगितलं. बाराशे बेचाळीसला गावाला शहराचे हक्क मिळाले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला दहा मिनिटं लागायची. अजूनही तेवढीच लागतात, तुमच्या गुडघ्यांना जमलं तर."

म्हातारे हसले. आम्ही चालायला लागलो.

फाइलमध्ये काय असतं ते मला राजवाड्यापाशी कळलं. राजवाडा म्हणजे साठ सालानंतर बांधलेली एक विटांची इमारत, शेजारी जुना जरासा भाग. वहिनींनी फाइलमधून प्लास्टिकमध्ये घातलेला जुना फोटो काढला आणि समोर धरला. "इथे हे होतं." पुढच्या वळणावर दुसरा फोटो. "इथे हे होतं." जुन्या बाजारचौकात, जिथे आता सत्तर सालातली काचेची बुटकी दुकानं आहेत, तिथे तिसरा. पावसाचे थेंब प्लास्टिकवरून ओघळत होते आणि वहिनी ते बाहीने पुसत होत्या. सहा वर्षं, आठवड्याला चार दिवस, ही बाई नसलेली घरं लोकांना दाखवत आली होती. बघता बघता मलाच थकवा आला.

सगळ्यात जुनं जे थोडं उरलंय, त्या मठापाशी आम्ही थांबलो. इथे वहिनींनी फोटो काढला नाही. "ज्याने शहर वसवलं त्यानेच हा मठ उभारला. मग सत्ता सोडून तो साधू झाला आणि इथेच वारला. शहर वसवून देणं सोपं असतं बहुतेक, त्यात राहायचं असतं ते बाकीच्यांनी." हे वाक्य फेरीच्या ठरलेल्या मजकुरातलं नसावं, कारण ते म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

मग सहाशे वर्षं काहीच झालं नाही, असं त्यांनी सांगितलं. व्यापार सगळा ल्युबेकने खाल्ला. व्यापारी शहरांच्या संघात कीलला घेतलं होतं, तिथून नंतर काढून टाकलं. सोळाशे पासष्टला विद्यापीठ आलं, तेवढीच शोभा. आणि मग अठराशे एकाहत्तरला नव्या जर्मन साम्राज्याला युद्धनौकांसाठी खोल, आडोशाची खाडी हवी झाली. तीसेक हजारांचं गाव चाळीसेक वर्षांत दोन लाखांवर गेलं. समोरच्या किनाऱ्यावर गोद्या आल्या, तिथल्या एलरबेक गावच्या कोळ्यांना घरं सोडून जावं लागलं. "मी ज्या गावची आहे तिथेही मोठं बंदर आलं आणि कोळी किनाऱ्यावरून आत गेले," वहिनी म्हणाल्या. "बंदर बघायला मात्र सगळे येतात." पुढे अठराशे पंच्याण्णवला कालवा झाला आणि दोन समुद्र जोडले गेले.

गावात जागोजागी एक पोस्टर लावलेलं होतं. एकोणीसशे अठराच्या खलाशांच्या उठावाला त्या वर्षी शंभर वर्षं होत होती. वहिनी एका पोस्टरपाशी थांबल्या.

"युद्ध हरल्यात जमा होतं," त्यांनी सांगितलं. "तरी नौदलाच्या साहेबांनी हुकूम काढला की एक शेवटची लढाई करायची. खलाशांना कोणी विचारलं नाही. काही जहाजांवर भट्टीवाल्यांनी बॉयलरच विझवले. त्यांतली काही जहाजं कीलला पाठवली, आणि इथे खलाशी रस्त्यावर उतरले. आठवड्याभरात कैसर गेला. पुस्तकांत याची पुष्कळ कारणं देतात. मला वाटतं, ती माणसं दमली होती. आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं."

मी जन्मभर इंजिनं पेटवत आलेला माणूस. बॉयलर विझवणारे ते भट्टीवाले माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. मी इथे कशाला आलोय ते आठवून मला ओशाळल्यासारखं झालं.

शेवटी, बाजारचौकात परत येऊन, बॉम्ब. दुसऱ्या महायुद्धात नव्वद हवाई हल्ले, जुनं शहर जवळजवळ सगळं जमीनदोस्त. काठी टेकत चालणारा एक उंच म्हातारा पुढे आला. "ते आमचे होते ना?" त्याने विचारलं. "माझा थोरला भाऊ विमानदळात होता."

"हो," वहिनी म्हणाल्या. मग त्या त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि दोघं मिनिटभर त्या काचेच्या दुकानांकडे बघत राहिली. "शेहेचाळीस साली हे शहर राजधानी झालं," त्या त्याला म्हणाल्या. "श्लेस्विग-होल्स्टाइनची. तेव्हा इथे उभं असं फारसं काही नव्हतं. नुसते ढिगारे. तरी झालं."

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याचे डोळे पाण्याने भरले होते, आणि ते पाणी पावसाचं नव्हतं.

फेरी संपली ती एका खड्ड्यापाशी. गावाभोवतीचं जे पाणी पूर्वी बुजवून रस्ता केला होता, तिथेच आता रस्ता खणून पुन्हा पाणी आणायचं काम चाललं होतं. सगळीकडे पत्र्यांची कुंपणं आणि चिखल. "दोन वर्षांनी या," वहिनी लोकांना म्हणाल्या, "तेव्हा इथे फोटो लागणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या, पावसात वाजतात तशा, आणि जहाजाकडे गेले.

आम्ही बंदराच्या कडेला एका बाकावर बसलो. त्यांनी डबा उघडला, एक पोळीची गुंडाळी मला दिली, एक स्वतः घेतली. हात गारठून लाल झाले होते.

"शिरीषने पाठवलं ना तुम्हाला?"

"हो," मी म्हटलं. "वहिनी, सरळ बोलतो. त्याने चूक केली, गाढवपणा केला. पण नवरा-बायकोने एका गावात राहावं."

"हे तुम्ही सांगताय, भावोजी?"

मी गुंडाळी परत डब्यात ठेवली. माझी बायको स्वरूपा दोन हजार दहापासून नागपूरला आहे. कीलचं घर मी तिला न दाखवता घेतलं होतं, दोनच वर्षं काढू म्हणालो होतो. तिने दोन हिवाळे खिडकीपाशी बसून काढले आणि गेली. भांडण असं झालंच नाही. मी तिला कधी विचारलं नव्हतं, म्हणून तिनेही जाताना मला विचारलं नाही. ते दुखणं अजून तसंच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

"माफ करा," वहिनी म्हणाल्या. "तसं म्हणायचं नव्हतं."

"बरोबर बोललात. पुढे बोला."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. फेरीबोट समोरच्या किनाऱ्यावरून निघाली होती.

"मी दमलेय हो," त्या म्हणाल्या. "खोकी बांधायचं काही नाही, त्याची हाताला सवय आहे. पण प्रत्येक गावात जाऊन पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, मी कोण. डॉक्टरकडे, शाळेत, शेजाऱ्यांना. आणि आपलं आपल्याला पटायला लागतं तोवर निघायचं. इथे मला दहा वर्षं झाली. ही फेरी सांगून सांगून तोंड दुखतं, खरं सांगते, कधीकधी कंटाळा येतो इतका की स्वतःचाच आवाज नकोसा होतो. पण अकरा वाजता धक्क्यावर माणसं माझ्यासाठी थांबलेली असतात. चौदा का होईनात. वाल्डॉर्फला मी पुन्हा मिसेस ठोसर. शेहेचाळीस वर्षांची, आणि काय करता तुम्ही, तर काही नाही."

"मग नाही म्हणा त्याला."

"त्याला नाही कशाला म्हणू? त्याला हवी होती तशी नोकरी मिळालीय. त्याने जावं. मी फक्त येत नाही."

"आणि कबीर?"

"कबीरला आई हवीशी वाटली तर तो गाडीत बसेल. बसेल, मला माहीत आहे. मलाही रडू येईल, येऊ दे." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "फ्राऊ लोरेन्झनकडे जाणार आहे संध्याकाळी. घर एकटीच्या नावावर देतील का, विचारायला. कबीरची खोली एखाद्या विद्यार्थिनीला देता येईल. नाही म्हणाल्या तर मग फ्रिजवरच्या कागदावर सही करेन, मुकाट्याने. मला भीती वाटते, भावोजी. अठरा वर्षांत मी एकही कागद स्वतः केलेला नाही."

मी म्हटलं, "पत्र लिहून टपालाने पाठवा. बाईंना तेच आवडतं." त्या हसल्या. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

शिरीषला मी सांगितलं की बोललो, पण जमलं नाही. यात काही खोटं नव्हतं.

आठवड्याभराने, रविवारी दुपारी नेहमीसारखं जेवण होतं. हेरिंग माशाचं कालवण, उरणच्या पद्धतीचं, आणि भात. कबीर सोमवारी सकाळी निघणार होता, दारात त्याची बॅग आणि एक सायकल उभी. फ्रिजकडे बघितलं, तर मॅग्नेट होता, कागद नव्हता. वाटलं, झाली सही.

शिरीषनेही ते पाहिलं असावं, कारण तो खुशीत होता. वाल्डॉर्फला कुठल्या भागात घर बघायचं, बाल्कनी असलेलं की बाग असलेलं, ते सांगत होता. जेवणं झाली. वहिनींनी ताटं उचलली, टेबल पुसलं, ते कोरडं होईपर्यंत थांबल्या आणि आतून दोन पानी कागद आणून शिरीषपुढे ठेवला.

"इथे सही कर," त्या म्हणाल्या. "फुली केली आहे."

शिरीषने पेन उघडलं आणि खाली फुलीकडे हात नेला. तिथे तो थांबला. त्या पानावर दोन सह्या आधीच होत्या. एक फ्राऊ लोरेन्झनची, जुन्या वळणाची. दुसरी वहिनींची.

"हे काय आहे?"

"करार. एकतीस डिसेंबरला तुझं नाव घराच्या करारातून निघेल. त्यानंतर घर माझ्या एकटीच्या नावावर."

शिरीषने माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"मला कमी ऐकू येतं," मी म्हटलं आणि टेबल पुसूनही राहिलेला माशाचा एक काटा उचलायला लागलो.

"म्हणजे तू मला सोडतेयस, नंदिनी?"

"नाही. तू जातोयस. मी घरी असेन." त्यांचा आवाज धक्क्यावरच्यासारखाच स्पष्ट होता. "शुक्रवारच्या गाडीने आलास तर जेवायला थांबेन. मला यायचं झालं तर मीही येईन. पण बांधाबांध करून येणार नाही. मी दमलेय, शिरीष. तू विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं."

शिरीष उठेल, ओरडेल, असं मला वाटलं, आणि मी कानाचं यंत्र बंद करायच्या तयारीत होतो. पण तो बसूनच राहिला. मग त्याने चष्मा लावला आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. सावकाश, बोट फिरवत. एका शब्दापाशी अडला. वहिनींनी वाकून त्याला त्याचा अर्थ सांगितला. त्याने मान हलवली आणि पुढे वाचलं. कबीर दाराला टेकून उभा होता.

शेवटपर्यंत वाचून झाल्यावर शिरीषने सही केली.

"खोडरबर कुठे आहे?" त्याने विचारलं.

अठरा वर्षं तो कुठे ठेवलेला असतो, हे त्याला माहीत नव्हतं. वहिनींनी खणातून काढून दिला. शिरीषने डाव्या हाताने कागद धरला आणि फुली खोडायला लागला. ती केव्हाच गेली होती, तरी तो मान खाली घालून खोडत राहिला.